पुराच्या रात्री बंद पडलेलं यंत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी पंचवीस वर्षांचा आहे. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि गेली दोन वर्षं मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत पंपांच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम, लिहितो. पगार सव्वीस हजार. आमचा सगळा प्रोग्राम एका मोठ्या लूपमध्ये चालतो, म्हणजे तीच कामं एकापाठोपाठ एक, पुन्हा पुन्हा. आम्ही समा भागात राहतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, त्याच्या आधी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी वाढलं की भोंगा वाजवणारं यंत्र स्वतः बनवून लावलं होतं. त्या रात्री ते वाजलंच नाही. पहाटे तीनला उठलो तर खाली गुडघाभर पाणी, यंत्राचा हिरवा दिवा मजेत लुकलुकतोय आणि भोंगा गप्प. बाबांची स्कूटर गेली, तळमजल्यावरच्या आजींचा फ्रिज गेला. आजी काही बोलल्या नाहीत, पण मला अजून त्यांच्याकडे बघवत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती म्हणून ते यंत्र बंद पडलं, असं मला वाटतं. तेव्हापासून मी फ्रीआरटीओएस (एक आरटीओएस, म्हणजे वेळेची मुदत पाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) आणि कर्नल हा लिनक्सचा मूळ भाग यांबद्दल वाचतोय. मला एम्बेडेड, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या, ऑपरेटिंग सिस्टीमचा इंजिनिअर व्हायचंय. आमचे सिनिअर म्हणतात, ओएस कशाला, लूप पुरे. मावसभाऊ पुण्यात वेबचं काम करतो, त्याला माझ्या तिप्पट मिळतं. आई म्हणते पुण्याला जाऊन आठ महिन्यांचा कोर्स कर, फी एक लाख दहा हजार. बाबा रिले बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेत, ते म्हणतात हे काम सोडू नकोस. या क्षेत्रात भवितव्य आहे का? कोर्स करू का? बडोद्यात राहून हे जमेल का? त्या यंत्राचा कोड सोबत जोडतोय.

— एक वाचक, समा, बडोदे

माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून सरळ अरे-तुरेच करते.

तुझा कोड मी शनिवारी रात्री वाचला आणि रविवारी सकाळी पुन्हा वाचला. त्या रात्री काय झालं असावं ते त्यात दिसतं. करिअरचं नंतर बोलू, आधी तेच सांगते.

पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर तू आय-टू-सीच्या दोन तारांवर (चिपांनी एकमेकांशी बोलायच्या, एक डेटाची, एक क्लॉकची) जोडलायस. आकडा मागवल्यावर 'तयार' हा बिट लागेपर्यंत तुझा प्रोग्राम थांबतो. किती वेळ थांबायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. घरी टेबलावर सेन्सर दरवेळी उत्तर देतो, त्यामुळे ही ओळ कधी त्रास देत नाही. पार्किंगमध्ये कनेक्टरवर ओल धरली, किंवा वीज जाता-येताना सेन्सर बोलता बोलता मध्येच अडकला, की तो डेटाची तार खाली ओढून धरतो आणि सोडत नाही. मग तुझा प्रोसेसर त्या एका ओळीवर उभा राहतो तो राहतोच. पाणी चढत असतं आणि तो बिटाची वाट बघत असतो.

दिवा का लुकलुकत होता? तो तू टायमर इंटरप्टमधून लुकलुकवतोस, म्हणजे ठरावीक वेळाने मुख्य काम क्षणभर थांबवून चालणाऱ्या तुकड्यातून. मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट येतच राहतो. वॉचडॉगही, म्हणजे वेळेवर 'किक' (खुशालीचा निरोप) मिळाली नाही तर यंत्र रीसेट करणारा पहारेकरी, तू लावला होतास, हे मला आवडलं, पुष्कळ जण तेवढंही करत नाहीत. पण त्याला किक देणारी ओळ त्याच टायमर इंटरप्टमध्ये आहे. म्हणजे लूप मेलेला, आणि वॉचडॉगला दर काही मिलिसेकंदांनी निरोप जातोय की घरचे सगळे खुशाल आहेत. तो रीसेट कशाला करेल?

दुरुस्ती अवघड नाही. जिथे जिथे वाट बघतोस तिथे तिथे मुदत घाल. मुदत संपली की क्लॉकच्या तारेवर स्वतः नऊ ठोके दे. अडकलेला सेन्सर उरलेले बिट टाकून मोकळा होतो आणि तार सोडतो. तरीही आकडा आला नाही तर सेन्सर गेला असं समजून भोंगा वाजव. पाणी नसताना भोंगा वाजला तर लोक चिडतील, चालेल. आणि वॉचडॉगची किक मुख्य लूपच्या शेवटी आण. सेन्सर वाचणं, निर्णय घेणं, भोंगा तपासणं, या प्रत्येक कामाने आपली हजेरी लावली असेल तरच किक द्यायची.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य. ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती म्हणून यंत्र बंद पडलं, असं तू लिहिलंयस. तसं नाही रे. फ्रीआरटीओएस घातलं असतंस आणि ती ओळ तशीच ठेवली असतीस, तर सेन्सरचा टास्क (स्वतंत्र चालणारं काम) तिथेच अडकला असता. त्याची प्रायॉरिटी भोंग्याच्या टास्कपेक्षा वर असती तर भोंगा तेव्हाही गप्पच राहिला असता. एक सेन्सर, एक भोंगा आणि सेकंदाला एक निर्णय एवढंच असेल तर लूप पुरतो. तुमचे सिनिअर त्या पंपाबद्दल बरोबर बोलतायत. पंपाच्या कंट्रोलरला पुढे मोबाइलशी बोलायचं असेल, मोटरचा करंट ठरावीक मिलिसेकंदांनी तपासायचा असेल आणि त्याच वेळी मेमरीत नोंदीही लिहायच्या असतील, तेव्हा लूपमध्ये एकमेकांच्या पायात पाय अडकायला लागतात. तिथे आरटीओएस लागते. ती वेळ आली की सिनिअरच तुला बोलावतील. तोवर तुझ्या हौसेसाठी कंपनीचं चालू प्रॉडक्ट बदलायला जाऊ नकोस.

तुला जे व्हायचंय त्या नावाखाली खरं तर तीन-चार वेगवेगळी कामं येतात, आणि जाहिरातींमध्ये ती सरमिसळ लिहिलेली असतात. आरटीओएसचा किंवा कर्नलचा गाभा, म्हणजे शेड्युलर (कुठला टास्क कधी चालवायचा ते ठरवणारा भाग) आणि मेमरीची व्यवस्था, लिहिणारे फार थोडे. ते चिप बनवणाऱ्या किंवा ऑपरेटिंग सिस्टीम विकणाऱ्या कंपन्यांत असतात. त्यांच्याहून कितीतरी जास्त लोक बीएसपीवर (बोर्ड सपोर्ट पॅकेज, म्हणजे एखाद्या बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टीम चालायला लागणारं सॉफ्टवेअर) काम करतात. नवीन बोर्ड टेबलावर येतो, त्यावर काहीच चालत नसतं. सिरियल पोर्टवर पहिलं अक्षर उमटवायचं, डीडीआर मेमरी जागी करायची, यू-बूट हा बूटलोडर (लिनक्स चालू करून देणारा प्रोग्राम) उठवायचा, डिव्हाइस ट्रीत बोर्डाची खरी रचना लिहायची, लिनक्स चालू करायचं, मग एकेक ड्रायव्हर. या कामाला आम्ही बोर्ड ब्रिंग-अप म्हणतो. पहिल्यांदा एक लाख पंधरा हजार दोनशेच्या बॉड रेटवर काळ्या पडद्यावर बूटलोडरची ओळ उमटली तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच होते, रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आणि घरी फोन करून सांगावंसं वाटलं तरी काय सांगायचं ते कळेना. तिसरं काम योक्टो किंवा बिल्डरूट हे लिनक्स बांधायचं साधन घेऊन पूर्ण सिस्टीम बांधायचं, ती सुरक्षित बूट होईल आणि दूरून अपडेट होईल हे बघायचं. या तिसऱ्या कामाला पूर्वी कोणी फारसं विचारत नसे, आता विचारतात. कारण पुढे सांगते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, आणि तुला हे काम मानवेल की नाही ते तिच्यावर ठरतं. इथे वेळ हा हिशेबाचा भाग आहे. वेबच्या पानाला अर्धा सेकंद उशीर झाला तर माणूस कंटाळतो. बाबांना विचार, रिलेला उशीर झाला तर काय होतं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे एक सायकल वीस मिलिसेकंदांची. फॉल्ट, म्हणजे विजेच्या जाळ्यात बिघाड, आला की रिलेने एखाद-दोन सायकलींत वीज तोडायचा निर्णय द्यायचा असतो. सरासरी चांगली असून भागत नाही, सगळ्यात वाईट वेळेलाही मुदत पाळली पाहिजे. साधं लिनक्स एकंदर कामाचा उरक बघतं, एखाद्या टास्कला कधीतरी उशीर झाला तर त्याला त्याचं वाटत नाही. म्हणून लिनक्सला मुदत पाळायला लावणारं प्रीएम्प्ट-आरटी नावाचं काम जवळजवळ वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर, पॅचच्या रूपात चालू होतं. ते २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य लिनक्समध्ये आलं. वीस वर्षं एकाच प्रश्नाला धरून बसलेली माणसं या क्षेत्रात आहेत, आणि मला त्यांचा मनापासून आदर आहे.

पुस्तकी थिअरी कच्ची असेल तर घाबरू नकोस, पण तिला फाटाही देऊ नकोस. एकच उदाहरण घेते. रावपुऱ्यात आजोबांना तिजोरी उघडायची तातडी आहे आणि किल्ली नातवाकडे. नातू किल्ली घेऊन निघालाय, पण रस्त्यात वरघोडा, म्हणजे लग्नाची मिरवणूक, आडवा आलाय. वरघोड्याला ना किल्लीशी देणंघेणं ना आजोबांशी, तरी तो नातवाच्या पुढे, त्यामुळे घरातला सगळ्यात मोठा माणूस ताटकळत बसतो. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान थोड्याच दिवसांत पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं, ते यामुळेच. हवामानाची माहिती गोळा करणारा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारी किल्ली) धरून बसलेला, मधल्या प्रायॉरिटीची कामं त्याला पुढे सरकू देईनात, डेटाच्या बसचा कारभार बघणारा वरचा टास्क मुदत चुकला आणि यंत्रणेने रीसेट केलं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड पुन्हा घडवून आणला. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसमध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्सची सोय होती, त्या म्युटेक्सला ती लावलेली नव्हती. ती वरून निरोप पाठवून लावली. म्हणजे किल्ली हातात आहे तोवर नातवालाच आजोबांचा मान द्यायचा, वरघोडा बाजूला होतो. हा उपाय लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोच्की यांनी १९९० च्या निबंधात नीट मांडलेला होता. थिअरी ज्यांना येत होती त्यांना बिघाडाचं नाव ठाऊक होतं, म्हणून तो सापडला.

आता माझी एक गोष्ट सांगते, कारण तू आजींच्या फ्रिजचं ओझं डोक्यावर घेऊन बसलायस.

नोकरीच्या पाचव्या वर्षी मी सबस्टेशनात बसणाऱ्या एका मॉनिटरिंग यंत्राचं काम करत होते. यंत्र मधूनच मोजमाप थांबवायचं. बंद करून चालू केलं की ठीक. लॅबमध्ये आठवडा-आठवडा चालवून बघितलं, काही होईना. आम्ही पॉवर सप्लायला दोष दिला, वायरिंगला दिला, हवेतल्या दमटपणालाही दिला. शेवटी मीच साइटवर गेले. तिथल्या ऑपरेटरांची एक लांबट वही होती, लाल पुठ्ठ्याची. त्यांनी प्रत्येक वेळ लिहून ठेवली होती. १० जून, सकाळी दहा, चालू केलं. ३० जुलै, पहाटे तीन, बंद. ३० जुलै, सकाळी नऊ, चालू केलं. १८ सप्टेंबर, रात्री दोन, बंद. त्यांच्याच टेबलावर बसून मी तास मोजले. दोन्ही वेळा एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास.

मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा काउंटर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंत जातो आणि शून्यावर येतो. त्याचे दिवस केले तर बरोबर तेवढेच भरतात. मी कोडमध्ये पुढच्या मोजमापाची वेळ आधीच ठरवून ठेवायचे आणि 'आत्ताची वेळ तिच्याहून मोठी झाली का' असं विचारायचे. काउंटर शून्यावर आला की आत्ताची वेळ एकदम लहान, ठरलेली वेळ प्रचंड मोठी, मोजमाप थांबलं. बरोबर पद्धत म्हणजे आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करायची आणि जेवढं अंतर हवं तेवढं झालं का ते बघायचं. बिनचिन्ही आकड्यांत ही वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर येते. एका ओळीचा फरक. ती ओळ माझीच होती. लिनक्सवाल्यांनी तर यावर आधीच तोड काढलेली आहे. त्यांचा जिफीज हा काउंटर मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू होतो की बूट झाल्यावर पाच मिनिटांत त्याच्या बत्तीस बिटांचा फेरा पूर्ण व्हावा. चूक असेल तर एकोणपन्नास दिवसांनी गिऱ्हाइकाकडे दिसण्याऐवजी ती पाच मिनिटांत तुझ्या टेबलावर दिसते. मी त्या दिवसापासून माझे सगळे काउंटर तसेच सुरू करते.

ते ऑपरेटर माझ्यावर रागावले नाहीत, त्यांनी चहा मागवला. पण परतीच्या गाडीत मी रडले होते. म्हणून सांगते, आजींकडे जा. काय बिघडलं होतं ते त्यांना कळेल अशा भाषेत सांग, आणि नवीन यंत्र लावणार आहेस तेही सांग.

भवितव्याचं विचारलंस. पैशाच्या बाबतीत तुला फसवणार नाही. मावसभावाचा पगार तुझ्यापेक्षा जास्त आहे आणि अजून काही वर्षं जास्तच राहील. आपल्याकडे नोकऱ्या कमी, कंपन्या थोड्या, आणि पहिली काही वर्षं तुला नुसता 'फर्मवेअरचा मुलगा' समजतात. पण इथलं शिकलेलं लवकर शिळं होत नाही. मी पहिल्या नोकरीत इंटरप्ट, कॅश आणि म्युटेक्स यांबद्दल जे शिकले ते आजही जसंच्या तसं वापरते. दोन-तीन बोर्ड शून्यापासून बाजारापर्यंत नेलेल्या माणसाला पुढे काम शोधावं लागत नाही. अशी माणसं कमी आहेत, कारण हा अनुभव घाईने मिळत नाही.

तिसऱ्या कामाला मागणी का आली तेही सांगते. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तिकडे विकल्या जाणाऱ्या, नेटवर्कला जोडता येणाऱ्या यंत्राला साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यावे लागणार. तुमच्या कंपनीचा कंट्रोलर वायफायसकट तिकडच्या एखाद्या पंपात जात असेल तर हे तुमच्याही दारात येईल. अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्राने जुन्या आवृत्तीवर परत यायला हवं, भलत्याच कोणी सही केलेलं सॉफ्टवेअर चालवायला नकार द्यायला हवा. हे जमणारा माणूस मकरपुऱ्यात किती जणांकडे आहे?

आणि हो, प्रोग्राम लिहून देणारी एआयची साधनं आता ड्रायव्हरचा कच्चा खर्डा बरा काढतात. वापर, लाजू नकोस. पण त्यांनी लिहिलेलं रजिस्टर खरंच त्या चिपमध्ये आहे का, ते डेटाशीट उघडून स्वतः बघ. आणि डेटाची तार खाली का ओढली गेलीय हे ऑसिलोस्कोपचा प्रोब लावल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

कोर्सबद्दल. एक लाख दहा हजार भरण्याआधी त्या संस्थेत एक दिवस जाऊन बस. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा बोर्ड मिळतो का आणि तो रात्री घरी नेता येतो का, विचार. लिंकर स्क्रिप्ट (प्रोग्राम मेमरीत कुठे बसेल ते ठरवणारी फाइल) आणि स्टार्टअप कोड कधी उघडतात, विचार. 'त्याची गरज पडत नाही' असं उत्तर आलं तर उठून ये. कोर्स करायचाच असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टीम डिझाइनचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते, आणि नुसती फी भरून तिथे शिरता येत नाही हे त्यातलं चांगलं आहे. पण माझं मत विचारशील तर आत्ता नको. तुझ्याकडे नोकरी आहे, बोर्ड आहे, आणि खरोखर बंद पडलेलं एक यंत्र आहे. वर्षभर त्याच्यावर घाल.

तेच यंत्र पुन्हा कर. आधी लूपमध्येच, वर सांगितलेल्या मुदती घालून. मग त्याच बोर्डावर कुठलीही आरटीओएस न घेता स्वतःचा छोटा शेड्युलर लिही, दोनच टास्क, आलटून पालटून. एसटीएम३२ वरचा कॉर्टेक्स-एम असेल तर इंटरप्ट येताना हार्डवेअर आठ रजिस्टर स्वतः स्टॅकवर ठेवतं, आर४ ते आर११ टास्क बदलताना तुला पेंडएसव्ही या इंटरप्टच्या हँडलरमध्ये हाताने ठेवावी लागतात. हे पंधरा-वीस ओळींचं असेंब्ली आहे. पहिल्यांदा हार्ड फॉल्ट येईल, दहाव्यांदाही येईल. डीबगर लावून स्टॅकमधली मेमरी कागदावर उतरवून बघ, कुठला शब्द कुठे बसला ते. ज्या दिवशी दोन दिवे वेगवेगळ्या टास्कमधून लुकलुकतील त्या दिवशी तुला ऑपरेटिंग सिस्टीम कळायला सुरुवात झाली असं समज. त्यानंतर फ्रीआरटीओएसचा कोड उघड. त्याचा गाभा टास्क, क्यू आणि लिस्ट या तीन फायलींत आहे, आणि आता तो तुला ओळखीचा वाटेल. घाईघाईने कोड बघायच्या आधी हे केलंस तर फायदा, नाहीतर ते नुसतं पाठांतर होतं.

एक सवय आत्तापासून लाव. इंटरप्टमध्ये शिरताना एक पिन वर कर, बाहेर पडताना खाली कर, आणि ती स्कोपवर बघ. आपल्याला वाटतं तेवढा वेळ कधीच लागत नाही, जास्त लागतो, आणि दरवेळी वेगळा लागतो. हा जो कमी-जास्त होणारा पट्टा स्कोपवर दिसेल तो जिटर. मुलाखतीत 'व्होलटाइल' म्हणजे काय, इंटरप्टमध्ये झोपता का येत नाही, स्पिनलॉक कुठे आणि म्युटेक्स कुठे, हे विचारतातच. पण स्वतः काढलेला जिटरचा फोटो दाखवणारा उमेदवार मला माझ्या सगळ्या मुलाखतींत फार तर तीन-चार वेळा भेटला, आणि त्यातल्या प्रत्येकाला मी घेतलं.

लिनक्स त्या यंत्रात घालू नकोस, तिथे त्याचं काम नाही. पण शेजारच्या दोन सोसायट्यांतही यंत्रं लावलीस तर तिघांची खबर एका जागी गोळा करणारा बोर्ड लागेल. तिथे बीगलबोनसारखा लिनक्स चालणारा बोर्ड घे, बिल्डरूटने स्वतः सिस्टीम बांध, डिव्हाइस ट्रीत स्वतःचा सेन्सर लिही, त्याचा ड्रायव्हर लिही. कर्नलच्या पुस्तकी गोष्टींसाठी एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यापुरती बनवलेली सिस्टीम वाच, ती दहा हजार ओळींच्या आत आहे, एका पावसाळ्यात वाचून होते.

तपासणी कशी करायची ते बाबांना विचार. रिले खरा फॉल्ट येईपर्यंत वाट बघून तपासत नाहीत. सेकंडरी इंजेक्शनच्या किटने खोटा करंट देतात आणि ट्रिप किती मिलिसेकंदांत झाली ते मोजतात. तू खोटा पूर दे. बादलीत सेन्सर बुडव. चालू यंत्राची डेटाची तार ग्राउंडला टेकव आणि बघ किती वेळात ते स्वतःला सोडवतं. वीज शंभरदा घालव आणि आण, तेही मधल्या दोन-दोन सेकंदांत. मग तो कागद जपून ठेव. बाबांनी आयुष्यभर हेच केलंय, त्यांना सोबत घेऊन बस. त्यांचं 'सोडू नकोस' कुठून येतं ते तेव्हा कळेल.

बडोद्यात राहून जमेल का? सुरुवातीला जमेल. रिले, ड्राइव्ह, पॅनेल, मीटर यांचं हे गावच आहे. मांजलपूरपासून माणेजा, मकरपुऱ्यापर्यंत वीज आणि रेल्वेच्या साधनांचं काम चालतं. अल्स्टॉमचं रेल्वेच्या प्रोपल्शनचं काम माणेजात होतं आणि मेट्रोचे डबे सावलीत बनतात. एल अँड टीच्या अभियांत्रिकी सेवा कंपनीचं मोठं केंद्र इथे आहे. तुझं यंत्र विजेच्या झटक्यांना टिकतं का हे तपासून घ्यायचं असेल तर १९७४ मध्ये स्थापन झालेली एर्डा ही विजेची साधनं तपासणारी संस्था तुमच्या मकरपुऱ्यातच आहे, कंपनीचं काही सॅम्पल तिथे जाणार असेल तर सोबत जाण्यासाठी हात वर कर. अहमदाबादेतही एम्बेडेडची बरीच कामं आहेत. कर्नलच्या गाभ्यातच शिरायचं झालं तर पुढे कधीतरी बेंगळुरू किंवा हैदराबादला दोन-चार वर्षं जावं लागेल, कारण चिपवाले तिथे आहेत. मीही गेले होते, आणि परतही आले. पण ते आज ठरवायची गरज नाही.

आईला एवढंच सांग की एक वर्ष मागतोय, फुकट बसत नाहीये, नोकरी चालू आहे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी खाली पार्किंगमध्ये नवीन यंत्र असेल. वर्षानंतरही पुण्याला जावंसं वाटलं तर कोर्स कुठे पळून जात नाही, आणि तेव्हा तुला कुठली संस्था निवडायची तेही कळेल. आईचं म्हणणं काळजीपोटी आहे, तिच्याशी वाद घालू नकोस.

सोमवारी कामावर गेलास की तुमच्या पंपाच्या कंट्रोलरमध्ये वॉचडॉगला किक कुठून दिली जाते ते बघ. टायमर इंटरप्टमधून दिली जात असेल तर सिनिअरना सांग. चारचौघांत नको, चहाच्या वेळी, एकट्यात. आणि काय झालं ते मला लिही.

तुझी ताई